जुन्या गाडीला सीएनजी चालतो, मग सेन्सर का नाही?

१९९० च्या दशकातली, एमएच-२० पाटीची, कार्ब्युरेटरवर चालणारी मारुती ८०० डोळ्यांसमोर आणा. तिच्या मालकाने डिकीत सीएनजीचा सिलिंडर बसवायचे ठरवले, तर सरकारने वाट आखून ठेवली आहे. मान्यता मिळालेले किट, ते बसवणारा अधिकृत फिटर, आरटीओची तपासणी आणि शेवटी आरसीवर नोंद. इंजिनच उतरवून गाडी बॅटरीवर करायची म्हटली, तरी त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक तयार आहे. पण याच मालकाने इंजिन तेच, इंधनही पेट्रोलच ठेवले आणि फक्त कार्ब्युरेटर व पॉइंट-कंडेन्सरची जुनी जोडी काढून क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर, इंजेक्टर आणि या सगळ्यांचा कारभार पाहणारा ईसीयू बसवायचे मनात आणले, तर त्याला कायद्यात ना होकार सापडतो ना नकार. विचारायला जावे तर या टेबलावरून त्या टेबलावर, आणि न विचारता करावे तर हटकणारे कोणी नाही, अशी सगळी तऱ्हा. ही पोकळी भरून काढली पाहिजे. पेट्रोल इंजिनावर नंतर बसवायच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या किटला केंद्राने सीएनजी किटसारखीच मान्यतेची पद्धत लावावी, आणि तशी मागणी पुढे रेटण्याचे काम छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगांनी अंगावर घ्यावे. या शहरानेच का, तेही पुढे येईल. आधी जुन्या इंजिनाचे नेमके काय अडते ते पाहू.

जुन्या पेट्रोल इंजिनाला आपण स्वतः कुठे आहोत हे कळत नाही. पिस्टन वर येताना ठिणगी नेमकी कधी पडायची, हे ठरवतो डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला डेल्को. त्याच्या आत एक कॅम फिरतो, तो पॉइंट उघडतो आणि पॉइंट उघडला की कॉइलमधून ठिणगी पडते. वेग वाढला की ठिणगी लवकर पडावी म्हणून दोन वजने आणि त्यांच्या स्प्रिंगा, आणि इंजिनावरचा भार कमी-जास्त झाला की त्याप्रमाणे टायमिंग हलावे म्हणून एक रबरी पडदा. या व्यवस्थेने जवळजवळ शतकभर जगाच्या मोटारी चालवल्या, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मिनिटाला ३००० फेऱ्यांवर इंजिनाचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एक अंश सरायला साधारण ५५ मायक्रोसेकंद लागतात. एवढ्या बारीक हिशेबाची जबाबदारी पॉइंटच्या घासणाऱ्या टाचेवर टाकलेली असते. टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे सरकते. स्प्रिंग सैल पडली की ते भलतीकडे पुढे जाते. रबरी पडदा फाटला तर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही, गाडी फक्त ‘जरा जास्त पेट्रोल खाते’. कार्ब्युरेटरची तीच गत. जेटचे भोक ठरलेले, त्यातून जे यायचे ते येणार. बाहेर मे महिन्याचे ऊन आहे की डिसेंबरची सकाळ, याची त्याला गंधवार्ता नाही.

पोझिशन सेन्सर हे अज्ञान दूर करतो, आणि त्याची रचना थक्क व्हावे इतकी साधी आहे. क्रँकशाफ्टबरोबर फिरणारी लोखंडी दातेरी चकती आणि तिच्यासमोर ब्रॅकेटवर घट्ट बसवलेला सेन्सर. बॉश घराण्याच्या पद्धतीत चकतीवर ६० दात्यांची जागा आखून त्यातले २ काढून टाकतात. फोर्डच्या पद्धतीत ३६ मधला १. पहिल्या चकतीत दोन दात्यांमधले अंतर ६ अंश, दुसरीत १० अंश. दाता समोरून गेला की सेन्सर एक पल्स देतो. जिथे दाता नाही तिथे पल्स चुकतो, आणि त्या चुकण्यावरून ईसीयूला फेऱ्याचा आरंभ सापडतो. तिथून पुढे दाते मोजत क्रँक कुठल्या अंशावर आहे आणि किती वेगाने चालला आहे, दोन्ही त्याला समजते. ठिणगी आणि इंधन यांचा एकत्र हिशेब करणारी बॉशची मोट्रॉनिक यंत्रणा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली, तीही फ्लायव्हीलची स्थिती वाचूनच काम करत होती. बाकीचे सेन्सर, म्हणजे हवेचा दाब, तापमान, थ्रॉटल, धुरातला ऑक्सिजन, हे सगळे महत्त्वाचे खरे, पण एखादा बिघडला तरी गाडी कशीबशी घरी येते. क्रँकचा सेन्सर गेला की बहुतेक गाड्या जागच्या हलत नाहीत.

आता शहराकडे येऊ. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे. एन्ड्युरन्स आणि वॅरॉक या दोन मोठ्या सुट्या भागांच्या कंपन्यांचे मुख्यालय इथलेच, आणि वॅरॉकने तर दुचाकींच्या इंजेक्शन यंत्रणेसाठी इटलीच्या देल ओर्तोशी भागीदारी केलेली. शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून गाड्या जोडते आहे. ज्या मोटारसायकली आणि रिक्षा इथून देशभर जातात, त्यांच्या मॅग्नेटजवळ बसलेली पल्सर कॉइल म्हणजे दुसरे काही नाही, क्रँकची स्थिती सांगणारा सेन्सरच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर बहुतेक दुचाकी इंजेक्शनवर गेल्या आणि या कॉइलकडे फक्त ठिणगीचा नव्हे, इंधनाचाही हिशेब आला. रस्त्याकडेच्या दुचाकी मेकॅनिकला ती ओळखता येते, मल्टिमीटर लावून तपासता येते, बदलता येते. म्हणजे जे तंत्र जुन्या कारमध्ये बसवणे ‘परदेशी शौकिनांचे काम’ वाटते, ते इथल्या माणसांच्या हातात रोजचे आहे. फरक इतकाच की दुचाकीत ते कारखान्यातून येते आणि जुन्या कारमध्ये ते नंतर बसवावे लागते. हे नंतर बसवणे मात्र गंभीरपणे घ्यावे लागते, म्हणून त्यावर जरा थांबतो.

प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन घ्या. त्याच्या पुढच्या पुलीवर दातेरी चकती बसवायची. चकती लेथवर पुलीशी एककेंद्री बसली नाही, तर फिरताना ती डुलते, सेन्सरशी असलेली साधारण एक मिलिमीटरची गॅप एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होते, आणि पल्स लहानमोठे होतात. साध्या चुंबकीय कॉइलचा सेन्सर असेल तर त्याचा व्होल्टेज वेगाबरोबर वाढतो. पळत्या इंजिनावर त्याची तक्रार नसते, पण सकाळी स्टार्टर मारताना क्रँक जेमतेम फिरत असतो आणि नेमका तेव्हाच सिग्नल सर्वांत दुबळा. हॉल पद्धतीच्या सेन्सरचे तसे नाही, तो कितीही हळू फिरले तरी स्वच्छ पल्स देतो. पण त्याला वीजपुरवठा लागतो आणि इंजिनाच्या उष्णतेत त्याची वायर जपावी लागते. ब्रॅकेट पातळ पत्र्याचा केला, तर ठरावीक वेगावर तो थरथरतो, मधलाच एखादा पल्स हुकतो, ईसीयूची मोजदाद तुटते आणि गाडी भर रस्त्यात क्षणभर मान टाकते. काही इंजिनांच्या पुलीत आतला आणि बाहेरचा भाग यांच्यामध्ये रबर असते. जुन्या गाडीत ते रबर सरकलेले असू शकते, आणि चकती बाहेरच्या कड्यावर बसवली तर तिच्यासह सगळा हिशेब सरकतो.

याहून नाजूक काम म्हणजे पिस्टन अगदी वर, टॉप डेड सेंटरला, नेमका कधी येतो ते शोधणे; कारण ईसीयूला ‘पहिल्या दात्यापासून इतक्या अंशांवर पिस्टन वर’ हा आकडा आपणच सांगायचा असतो. पुलीवरच्या जुन्या खुणेवर विसंबण्यात अर्थ नाही. प्लगच्या भोकातून गज घालून तो सगळ्यात वर कधी येतो ते डोळ्यांनी पाहणे ही नेहमीची रीत, पण तीही फसवी. पद्मिनीच्या ७५ मिलिमीटर स्ट्रोकमध्ये शेवटच्या ३ अंशांत पिस्टन जेमतेम सात शतांश मिलिमीटर हलतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतका. डोळ्याला तो थांबलेलाच दिसतो. म्हणून जाणकार वेगळे करतात. प्लगच्या जागी एक ठोकळी बसवायची, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधीच तिला टेकून अडतो. क्रँक हाताने एका दिशेने फिरवून तो अडला की पुलीवर खूण करायची, मग उलट दिशेने फिरवून अडला की दुसरी. दोन खुणांच्या बरोबर मधोमध खरा टॉप. मग ईसीयूला टायमिंग १० अंशांवर गोठवायला सांगायचे, टायमिंग लाइट पुलीवर मारायचा आणि खूण १० वरच दिसते का ते पाहायचे. ती १६ वर दिसली, तर संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा ६ अंशांनी खोटा आहे. आणि सहा अंश पुढे गेलेले टायमिंग म्हणजे भर उन्हात, चढावर, चार माणसे बसलेल्या गाडीत नॉकिंग आणि काही महिन्यांत जळालेला पिस्टन.

क्रँकच्या एका सेन्सरने सगळे भागते का, हे इंजिनावर अवलंबून असते. चार स्ट्रोकचे चक्र दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पुरे होते. क्रँकला पिस्टन वर आलेला कळतो, पण तो कॉम्प्रेशन संपवून आला की धूर बाहेर टाकून, हे कळत नाही. चार सिलिंडरच्या पद्मिनीत त्यावर सोपी पळवाट आहे. पहिला आणि चौथा पिस्टन जोडीने वर येतात, म्हणून दोघांनाही एकदम ठिणगी द्यायची. एक कामी येते, दुसरी वाया जाते, बिघडत काही नाही. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात तीनच सिलिंडर. तिथे कोणतेही दोन पिस्टन जोडीने वर येत नाहीत. मग प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल देऊन दर फेऱ्याला ठिणगी पाडावी लागते, नाहीतर कॅमशाफ्टसाठी दुसरा सेन्सर लागतो. त्या सेन्सरसाठी नवे छिद्र पाडायची गरज नाही. डेल्को कॅमशाफ्टच्याच वेगाने फिरतो; त्यातले पॉइंट काढून एक हॉल सेन्सर आणि एकच पाते बसवले की जुना डेल्को नव्या यंत्रणेत कॅम सेन्सर होऊन कामाला लागतो. निरुपयोगी ठरलेल्या भागाला अशी दुसरी नोकरी मिळालेली पाहण्यात एक वेगळेच समाधान असते, हे तांत्रिक माणसांना सांगायला नको.

एवढ्या खटाटोपाने हवेला काय मिळते? इथे आकडे कायद्यातूनच घेऊ. पीयूसी तपासणीत बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. बीएस-२ आणि त्यानंतरच्या गाडीला ०.५ टक्का, बीएस-४ ला ०.३ टक्का. म्हणजे जुन्या गाडीने नव्या गाडीच्या दहापट विष सोडले, तरी कायद्याच्या लेखी ती पास. ही सवलत दिली, कारण कार्ब्युरेटर याहून चांगले करू शकत नाही असे गृहीत धरले. सेन्सर, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर लावलेले इंजिन हे गृहीतक मोडते. मिश्रण सतत तपासून दुरुस्त होत राहिले, तरच पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धड काम करतो. शिवाय आता पंपावर येते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरेपूर जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, आणि ई-२० ला साधारण साडेतेरा. जेट मात्र जुन्याच हिशेबाने पाडलेले. म्हणून ई-२० वर कार्ब्युरेटरची गाडी आधीपेक्षा लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी अशी चालते. अनेक जुन्या गाड्या मुळातच पेट्रोल उधळत असल्याने त्यांना हा बदल मानवतोही, पण नीट सेट केलेली गाडी मात्र थंडीत धापा टाकते. उसाच्या आणि मक्याच्या इथेनॉलवर महाराष्ट्राचे आणि विशेषतः मराठवाड्याचे अर्थकारण गुंतत चालले असताना, त्या इंधनाशी जुळवून घेणारी यंत्रणा जुन्या गाड्यांना नाकारणे विसंगत आहे. हेही सांगितले पाहिजे की सेन्सर म्हणजे संजीवनी नाही. रिंगा झिजून ऑइल जाळणाऱ्या इंजिनाला ईसीयू लावून उपयोग नाही, आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स आपल्या पीयूसीत मोजलीच जात नाहीत. म्हणूनच पीयूसीच्या कागदापुरती नव्हे, प्रयोगशाळेतली मान्यता हवी, असे माझे म्हणणे आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. त्याच कलमात वेगळ्या इंधनावर किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी किट बसवण्याला सशर्त परवानगी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या रेट्रोफिटिंगसाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. आता आपली मारुती पुन्हा पाहा. सेन्सर-इंजेक्टर बसवल्याने आरसीवरचा एकही रकाना बदलत नाही. इंधन पेट्रोल, इंजिन क्रमांक तोच, घनक्षमता तीच. म्हणून कलम ५२ चा भंग झाला असे म्हणता येत नाही. पण ‘परवानगी आहे’ असे दाखवायला नियमही नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडले, तर या पोकळीचा फायदा कोणाला मिळेल हे वेगळे सांगायला नको. गंमत अशी की सीएनजीच्या आधुनिक किटमध्येही ईसीयू, दाबाचा सेन्सर आणि इंजेक्टर असतात. तीच सामग्री गॅससाठी कायदेशीर आणि पेट्रोलसाठी बेवारस.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. कार्ब्युरेटरला पेट्रोल नगण्य दाबाने येते. इंजेक्शनला साधारण ३ बार दाब लागतो. जुनी रबरी नळी, पितळेची क्लिप आणि गरम मॅनिफोल्ड यांच्या शेजारून ३ बारचे पेट्रोल नेले, तर आग लागायला निमित्त पुरते. कोपऱ्यावरच्या दुकानात वायर जोडून, टेप गुंडाळून हे काम होऊ लागले तर त्याला बंदीच हवी. पण या आक्षेपातून बंदी निघत नाही, मानक निघते. डिकीतला सीएनजी सिलिंडर २०० बार दाबाचा असतो. त्याच्यावर आपण विश्वास टाकला तो आंधळेपणाने नाही. सिलिंडरची ठरावीक मुदतीने चाचणी, किटची मान्यता, फिटरची नोंदणी, अशी चौकट उभारून टाकला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी आपली अखेरची वर्षे सीएनजीवर काढली. २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर त्यांतली शेवटची रस्त्यावरून गेली. जुन्या इंजिनावर नवी यंत्रणा नंतर बसवून ती मोठ्या संख्येने चालवता येते, याला यापेक्षा मोठा पुरावा मागायचा तो कोणता? २०० बारला चौकट जमली ती ३ बारला जमणार नाही, असे म्हणणे पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. ईसीयू मोकळा असला की मालक तपासणीपुरता सभ्य नकाशा, म्हणजे ठिणगी-इंधनाच्या आकड्यांचा तक्ता, भरेल आणि नंतर वेगासाठी दुसरा. धूर वाढेल तो वाढेलच. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो यांसारखे खुले ईसीयू जगभर मिळतात, लॅपटॉप लावून त्यांतला कुठलाही आकडा बदलता येतो, हे खरे. पण प्रदूषणाच्या बाबतीत जगात सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियाने याचे उत्तर केव्हाच शोधले आहे. तिथे बाजारातून आणून बसवायच्या भागाने प्रदूषण वाढत नाही हे उत्पादकाने सिद्ध केले, की तिथले हवा मंडळ त्याला आदेश क्रमांक देते; तो क्रमांक इंजिनाजवळ चिकटवलेला असतो आणि तपासनीस तो पाहतो. क्रमांक नसलेला भाग बेकायदा. आपल्याकडेही मान्य किटचा नकाशा कुलूपबंद ठेवण्याची आणि त्याची ओळख पीयूसीच्या वेळी वाचण्याची अट घालता येईल. हौशी माणूस तरीही कुलूप तोडील. तो आजही जेट मोठे करतोच, सायलेन्सर कापतोच. त्याच्यामुळे सरळ माणसाची वाट का अडवायची?

तिसरा आक्षेप जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांचा. पॉइंट आणि कार्ब्युरेटर काढले, तर ती गाडी जुनी उरली कुठे? त्यांना कायद्याने आधीच उत्तर दिले आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. त्या गाड्या प्रदर्शनात आणि रॅलीत शोभतात, त्यांना हात लावू नये. प्रश्न त्यांच्या धाकट्या भावंडांचा आहे: रोज चालणाऱ्या, पंचवीस-तीस वर्षांच्या, कोणाच्याही संग्रहात न जाणाऱ्या गाड्या. त्यांच्या मालकाकडून सरकार एप्रिल २०२२ पासून फेरनोंदणीचे ६०० ऐवजी ५००० रुपये घेते, आणि २० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ मध्ये ते १०,००० केले. दंड वाढवला, सुधारण्याची सोय दिली नाही. गाडीच्या वयावर शुल्क लावणे सोपे आहे, तिच्या धुरावर लावणे अवघड. पण न्याय्य दुसरे आहे.

आणि सगळ्यांत जोरदार आक्षेप भविष्याचा. शहराजवळच्या बिडकीनला विजेच्या स्कूटर बनवणारी एथर येते आहे, टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी मोठ्या प्रकल्पाचा करार केला आहे, शहर विजेच्या गाड्यांकडे डोळे लावून बसले आहे. अशा वेळी कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे लाड कशाला? तसेही त्या उरल्या किती? उरल्या थोड्या, हे मान्य. पण थोड्या आहेत म्हणून त्यांच्यासाठी नियम करणे स्वस्तही आहे, आणि एकदा चौकट झाली की ती जुन्या जीपपासून डिझेलऐवजी पेट्रोल-गॅसवर नेलेल्या जनरेटरच्या इंजिनांपर्यंत कुठेही लावता येते. शिवाय विजेची गाडी आली म्हणून पोझिशन सेन्सर जात नाही. विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये रोटर कुठे आहे हे सांगणारे हॉल सेन्सर असतात. ते चुकले की मोटर झटके देते किंवा फिरतच नाही. फिरणाऱ्या वस्तूची स्थिती अंशाच्या अचूकतेने वाचणे, तो सिग्नल गोंगाटातून स्वच्छ काढणे, तो ऑसिलोस्कोपवर तपासणे, हे कौशल्य पेट्रोलपुरते नाही. आयटीआयत मोटार मेकॅनिकचे काम शिकणाऱ्या मुलाने एका जुन्या मारुतीवर चकती बसवून तिचा टॉप शोधला आणि पल्स पडद्यावर पाहिले, तर बिडकीनच्या लाइनवर तो परका राहणार नाही. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दातेरी चकती शतांशात कापण्याची सोय आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मोजमाप करणारी मुले आहेत. कमतरता आहे ती त्यांना एकत्र आणणाऱ्या निमित्ताची.

नियम बनवण्यासाठी कोरी पाटी घ्यायची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११५-ब मध्ये सीएनजी किटसाठी जी रचना आहे, ती इंजिनाच्या आकारमानानुसार गट करून उचलता येईल. किटची मान्यता तीन वर्षांची, मग नूतनीकरण. चाचणी पुण्याच्या एआरएआयमध्ये किंवा आपल्याला जवळ असलेल्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीईमध्ये. किटच्या कागदात चकतीचे माप, तिच्या डुलण्याची मर्यादा, ब्रॅकेटची जाडी आणि सेन्सरची गॅप लिहिलेली असावी. फिटरने टॉप कसा शोधला आणि टायमिंग लाइटवर काय दिसले याची नोंद जोडावी. उच्च दाबाची नळी, अपघात झाल्यास पंप आपोआप बंद करणारा स्विच, ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर सक्तीचे. आरसीवर एक ओळ. आणि या सगळ्याच्या बदल्यात मालकाने एक गोष्ट पत्करायची: किट बसल्यावर त्याच्या गाडीला पीयूसीत ३ टक्क्यांची सवलत मिळणार नाही, तिला ०.५ टक्क्याचीच कसोटी लागेल. ती पार करणाऱ्या गाडीला फेरनोंदणीच्या वाढीव शुल्कातून सूट द्यावी. जी पार करणार नाही, तिची वाट शेवटी स्क्रॅपिंग केंद्राकडेच जाते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.